लाल दोरा

सुरामीच्या रस्त्यावर गाड्या मंदावतात
तेव्हा मी नाझुकी उंच धरते.
दालचिनीचा वास काचेआड पोचायच्या आतच
माणसं हसतात.
एकतीस वर्षं मीच कणीक मळली,
मीच भट्टीत कमरेपर्यंत वाकून
तिच्या अंगावर पाव थापले,
आणि घाण्यातला पहिला चतकोर मीच खाल्ला,
उभ्यानं, जीभ भाजत.

आता चतकोर तोडते, वाफ बघते,
आणि जावेच्या हातात देते.

कुताइसीच्या डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
गहू सोडून बघा. दूधही.
जसं कुणी म्हणावं, खिडकी उघडून बघा.
मी म्हटलं, बाई, माझ्या हातांच्या रेषांत पीठ आहे.
त्या म्हणाल्या, मग नाकाला फडकं बांधा.

आता जाऊ मळते, दार ओढून घेऊन.
मी भट्टीचं आणि रस्त्याचं बघते.

पहिले पंधरा दिवस मी चोर होते.
रात्री फडक्याखालचं चीज हुंगायचे.
एकदा खाल्लंही, अंगठ्याएवढं,
आणि पहाटेपर्यंत पोट धरून गाईला शिव्या दिल्या.
बिचारी गाय.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात;
माझ्या नशिबी फुंकायलाही ताक नाही.

मका मात्र माहेरचा.
लग्न होऊन या गव्हाच्या गावात आले
तेव्हा म्चादीचा तवा माळ्यावर टाकला होता;
मक्याची भाकरी म्हणजे गरिबी, सासू म्हणायची.
तो मातीचा तवा खाली काढला. तडा गेलेला, पण तापतो.
भाकरीबरोबर राजमा,
पालकात अक्रोड वाटून, लसूण,
वाळवलेल्या झेंडूची चिमूट.
जीभ अजून म्हणते, काहीतरी राहिलं.
पोट काही म्हणत नाही.
पोट काही म्हणत नाही, हे किती वर्षांनी!

लोकांचं काय सांगू.
जुंबेरच्या तेराव्याला नव्हे, चाळिसाव्याला,
त्याच्या बायकोनं चीजभरला पाव ताटात वाढला:
मेलेल्याच्या नावानं एक घास, म्झेविनार.
मी पेला उचलला, जुंबेरचं नाव घेतलं, तळापर्यंत प्याले.
द्राक्षांवर अजून कुणी बंदी घातलेली नाही.
तिनं ताट उचललं, बोलली नाही.
मोठ्या उपासाच्या आठवड्यांत मात्र सगळं गाव दूध सोडतं.
तेव्हा मला कुणी काही विचारत नाही.

आणि शाल्वा, माझा दीर,
मी चार वेळा सांगूनही
पावाचा तुकडा माझ्या राजम्यात बुडवतो.
इतकुशानं काय होतं, म्हणतो.
त्या रात्री काय होतं ते मला ठाऊक.

म्हणून तेकलेनं, नातीनं, नऊ वर्षांची आहे,
स्वेटर उसवून लाल लोकर काढली
आणि माझ्या पळीला बांधली, तव्याच्या कानाला,
मिठाच्या डबीलासुद्धा.
आजीचं, असं म्हणाली. हात लावाल तर बघा.
शाल्वा हसला. पण परवा
पळी उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली त्यानं.

आज सकाळी जावेला मिठाचा अंदाज येईना.
माझी जीभ एकतीस वर्षांची मुरलेली,
आणि फडक्याआड गप्प.
तेकलेनं गरम कोर तोडली, डोळे मिटले,
बराच वेळ चावत राहिली.
दोन गाड्या थांबून निघून गेल्या.
मग म्हणाली, कमी आहे. आणि मनुके
तू जास्त टाकायचीस.

हो, टाकायचे.