दोन बोटं माया

नारायणबागेच्या कोपऱ्यावर, गिरणीला लागून
रेहाना बाजीचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल
आणि मापांची वही, जिच्यात
माझं पान केव्हाच भरलंय.
चौतीस. खोडून अडतीस. खोडून छत्तीस.
मग बेचाळीस, आणि शेजारी पेन्सिलीनं, बारीक:
"अभी".

मोरपिशी ब्लाउज घेऊन आलेय. आटवायला.
भाच्याचं लग्न आहे देवासला, वीस दिवसांनी.
दिवाळीत ब्याऐंशी होते, आज सदुसष्ट.
दुधीचा रस. सातनंतर तोंडाला कुलूप.
सकाळी पोह्यांवरची शेव वेचून
श्रीरंगच्या बशीत. तो खालमानेनं खातो,
एखाद्याची ठेव सांभाळल्यासारखी.
नळाला नर्मदा येते,
ती मी बाटलीवर रेघा मारून पिते.

"बारीक झालीस गं! बरं नव्हतं का?"
असं म्हणणाऱ्या बायका
वर्षभरात म्हणणार आहेत, "हवा मानवली वाटतं."
मला दोन्ही पाठ आहेत.
मधे कुठेतरी, सत्तर-बहात्तरच्या आसपास
मी नुसती असते.
तेवढे पंधरा-वीस दिवस कुणी काहीच बोलत नाही.

आईला घोर लागायचा, पोरीच्या अंगी काही लागत नाही.
मऊ भातात अंगठ्यानं खळगा करून
तुपानं काठोकाठ भरायची.
आता लागतं, आई.
सगळं लागतं.
बोललेलंसुद्धा.

सुटतं तेव्हा आवाज होत नाही.
सराफ्यात पाहुण्यांना फिरवताना
गराडूचा एकच तुकडा, तोही लिंबू छान आहे म्हणून.
मग एका रात्री फ्रीजच्या उजेडात
श्रीखंडाचं पातेलं, आणि मी, आणि चमचासुद्धा नाही.
उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसतं
हा नियम मीच केलेला.
दिवाणाखालचा काटा तेव्हापासून बाहेर काढत नाही.
काढला की तो आधी शून्य दाखवतो,
मग माझ्याकडे नीट बघून
विचार बदलतो.

बाजी ब्लाउज उलटा करते.
आतून हा वेगळाच कपडा आहे.
उसवलेल्या शिवणींच्या भोकांच्या रांगा,
एकीशेजारी एक, मुंग्या गेल्यासारख्या.
ही नणंदेच्या घरच्या मुंजीची.
ही एबी रोडच्या डाएटवालीची, जी महिन्याला तीन हजार घ्यायची
आणि बदाम मोजायला शिकवायची.
सगळ्यांत आतली टायफॉईडची.
तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं, पलंगावर पडून होते,
आणि कौतुक तेव्हाच सगळ्यांत जास्त झालं.

"बाजी, माया किती उरलीय?"
"क्या उरली?"
"शिवणीत दुमडून ठेवतो तो जास्तीचा कपडा.
आम्ही त्याला माया म्हणतो."
ती हसते. "हम तो मार्जिन बोलते हैं."
मग चष्मा कपाळावर सारून
कापड ट्यूबलाइटसमोर धरते.
"दो उंगल है अभी तुम्हारी माया.
पर दीदी, कपड़ा मना कर रिया है.
एक टाँका और मारा, तो इसी लाइन पे फटेगा."

फटेल तिथून उजेड आधीच येतोय,
थेंबाथेंबानं.

"बोलो, कौन सी वाली पे रखूँ?"
मुंजीच्या रांगेवर बोट ठेवते. उचलते.
शेजारी गिरणी सुरू होते,
स्टूलसकट आम्ही दोघी थरथरतो,
आणि कुणाच्या तरी गव्हाचा गरम वास.
पोऱ्या चहा घेऊन येतो, दोन ग्लास.
एक ती माझ्याकडे सरकवते,
"तुम्हारे वास्ते फीकी मँगाई है."

फिकी नव्हती.
मी काही बोलले नाही.
ब्लाउज तिच्या मांडीवर, अजून उलटाच.