सांधा

म्हापशाचा शुक्रवार. बाजारातून सरळ
एस्पेरांसाबाई दुकानात आल्या,
पिशवीला सुक्या मिरच्यांचा वास,
आणि बोट सुजून हळकुंड.
"डॉक्टर म्हणतो काप. तू काप,
पण काळीज कापू नकोस, हात कापू नकोस,
मुकुट तर मुळीच नाही."

कायतानने गॉलवेच्या बंदरात घेतलेली अंगठी.
बोटीवर स्वयंपाकी होता तो, तीन पगार मोडले.
दोन हात, मध्ये काळीज, वर इवला मुकुट.
मैत्री, प्रेम, इमान,
तिथल्या दुकानदारानं त्याला सांगितलं,
त्यानं यांना, यांनी आज मला.
मागच्या बाजूला पीळ: एकच दोरी स्वतःतूनच जाते,
वर, खाली, पुन्हा वर, टोक कुठे दिसत नाही.
आमच्या देवळाच्या भिंतीवर कावीत असाच वेल आहे,
लहानपणी त्यावर बोट फिरवत मी हरवायचे.

"आदी नाही, अंत नाही," बाई म्हणाल्या.
मी भिंग डोळ्याला लावलं.
सोनाराच्या घरात वाढलेल्या मुलीला
हे पटत नाही. प्रत्येक अंगठी
आधी एक सरळ तार असते.
कुणीतरी दोन टोकं भेटवून झाळतं.

सापडला. तळहाताकडच्या तिसऱ्या वळणाखाली
केसाएवढा, जरा फिका.
बोटाखाली पत्रा सरकवून तिथेच करवत लावली.
बाईंनी डोळे मिटले.
"ह्यांच्या पेटीवर चुडा फोडला तेव्हा
केवढा आवाज झाला होता," म्हणाल्या,
"हिचा काहीच नाही."

दोन गुंजा सोनं लागलं. त्यांचंच,
जोडीतलं उरलेलं एक कुडूक.
दुपारी झाळ घासून सारखी करायला घेतली
तर माझा हात धरला.
"राहू दे. दिसू दे."

मग उंबऱ्यात थांबून:
"काळजाचं टोक मनगटाकडे, म्हणजे दिलेलं.
नखाकडे, म्हणजे मोकळं.
आता कशी घालू, बाये?"

मला काय ठाऊक. माझ्या बोटात
मापं घ्यायची पितळी कडी तेवढी.
म्हटलं, साबण लावून बघा, कशी बसते.

हसल्या. पाठ करून घातली,
आणि कोपऱ्यावरच्या चोरिसवालीशी
दहा रुपयांवरून भांडायला लागल्या, हात हवेत.
मी गल्ल्यावरून वाकून पाहिलं.
ऊन होतं. नुसतंच चमकत होतं.