पोचा

सुआमेच्या गल्लीत मामा भांडी ओततो.
फुटके पिस्टन, खिडकीची चौकट,
कुणाच्या तरी ट्रकचा गिअरबॉक्स,
आमच्या पंख्याची पाती, जो उकाड्यात कधीच धड फिरला नाही –
सगळं एकाच मुशीत.

साचा असा नाहीच त्याच्याकडे.
आजीचं पातेलं ओल्या वाळूत दाबतो,
अलगद काढून घेतो,
आणि उरलेल्या पोकळीत धातू सोडतो.

त्या पातेल्याला डाव्या कानाखाली पोचा आहे.
पोकुआ आजी सांगायची, लॉरीतून उतरताना पडलं.
आई म्हणते, छे, फेकून मारलं होतं.
कुणाला, ते सांगत नाही.

आता निम्म्या कुमासीत
डाव्या कानाखाली पोचा असलेली पातेली आहेत.
आजीला न पाहिलेल्या बायका
भात खरवडून काढतात, राखेनं घासतात,
आणि बोट त्या खळग्यापाशी जरा थबकतं.

ठोकून सरळ का करत नाहीस, मी विचारलं.
मामा खोकला. बराच वेळ खोकला.
"मग माझं कुठलं ते कळायचं कसं?"
आणि माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघून,
"धुरात नको आणूस हिला."

आमच्यात वारसा मामाकडून येतो.
त्यानं एक पातेलं काढून ठेवलं होतं तिच्या नावाचं,
अजून कोमट.

घरी आणलं. झाकण बसेना.
जुनंच थोडं चेपून बघते.