चार फूट दोन इंच

बेडरूममध्ये नाही बसत.
पलंग भिंतीला चिकटवला, कपाटाचं दार काढलं,
तरी तीन इंच कमी.
हॉलमध्ये फ्रिज आहे, कारण किचनमध्ये वॉशिंग मशीन आहे,
कारण बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही.
गुदैबियातलं हे घर असंच, एकमेकांना ढकलत उभं.
सुवार्ता म्हणते, टेप ठेव खाली. जेव.

मोजमाप हाच माझा धंदा.
आठ ते सहा मी हवेच्या वाटा आखतो
मॉलच्या, हॉस्पिटलच्या छतांमधून,
चौदा बाय दहाचा डक्ट, एक वळण, एक जाळी,
खाली बसलेल्या माणसाला कळूही नये
वारा कुठून आला.
आणि बाबांचा ऑर्गन म्हणजे तरी काय,
पेटीत कोंडलेली हवा
आणि दोन पायांची मजुरी.

राहुरीच्या चर्चने कीबोर्ड घेतला.
पंचांनी धाकट्याला बोलावून सांगितलं,
देवदानमास्तरांची पेटी तुमचीच समजा,
पण पावसाळ्याआधी हलवा.
धाकटा म्हणतो, माझ्याकडे तीन शेळ्या, दोन पोरं.
तू आखातात आहेस. तुझ्याकडे जागा असेल.

कार्गोवाल्याने हिशोब केला:
माणसाच्या तिकिटापेक्षा पेटीचं भाडं जास्त.
वर इथली खारट दमट हवा.
लाकूड फुगेल, म्हणाला, पितळेच्या जिभा हिरव्या पडतील.
जिभा म्हणाला तो. मला बाबांचा शेवटचा आठवडा आठवला.

शुक्रवारी उपासनेनंतर रॉडेलने लॅपटॉप उघडला.
त्यात अख्खं कॅथेड्रल.
दोन हजार नळ्या, घुमारा सहा सेकंदांचा,
हवा तर आठ करा.
एका चौकोनात टिचकी मारली
की भात्याचा आवाजसुद्धा येतो.
मी यादी वरखाली केली.
जर्मनी होती, हॉलंड होतं,
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेला भाता
कुठेच नव्हता.

मग धाकट्याला म्हटलं, एकेक पट्टी दाब आणि पाठव.
एकसष्ट निरोप आले, त्याच्याकडचे रात्री दीड वाजेपर्यंत.
सातव्यात कुत्रं आहे. विसाव्यात उसाचा ट्रॅक्टर.
एकतिसाव्यात सलोमीचं, अहो पुरे.
अडतिसावी पट्टी मुकी. आम्हा दोघांच्या जन्माआधीपासून मुकी.
बाबा तिच्यावरून उडी मारायचे,
आणि मंडळी त्या जागी श्वास घ्यायला शिकली होती.
कीबोर्डवर आता तो सूर वाजतो म्हणे,
आणि म्हातारी माणसं तिथे अडखळतात.
धाकट्याने तीही पाठवली:
चार सेकंद, पायट्यांची करकर,
बाकी काही नाही.
मी ती नीट नाव देऊन साठवली.

जागा खरंच जाते का बघायला
हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखला होता,
चार फूट दोन इंच बाय दोन फूट.
काढायचा राहिला.
आता सुवार्ता कपड्यांची टोपली घेऊन
त्याला वळसा घालून जाते.
पोरगी आत बसून गणितं सोडवते,
आणि आत जाताना हवेत दार लोटते.

पेटी सध्या शेळ्यांशेजारी, ताडपत्रीखाली.
जूनचं जूनमध्ये बघू, असं दोघंही म्हणतो.

रात्री इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, कानांवर हेडफोन.
पडद्याला वारा लागत नाही, हे मला कळतं.
पायांना कोण सांगणार.
टाइलवर डावा, उजवा, डावा.
खालच्या मजल्यावरचे अब्दुलबारी
काल लिफ्टमध्ये विचारत होते,
भाई, रात्री शिलाई मशीन चालवता का?

हो, म्हटलं.
पँट आखूड करायची असेल तर सांगा, असंही म्हणालो असतो,
पण तोवर त्यांचा मजला आला.