मागचं डावं चाक

गोठिवलीच्या गल्लीत पिकअप जॅकवर चढवली
की रिक्षावाले आईवरून सुरू होतात.
म्हणून रविवार, आणि तोही सकाळी सात,
मच्छीवाली यायच्या आत.

पुढच्या चाकांना दोन-दोन विटा.
जॅकखाली फळी, मंडपाच्या स्टेजची,
रबाळ्याच्या एका हळदीत नाचून मोडलेली.
नटांना काल रात्रीच डिझेल पाजलं होतं
तरी चौथा ऐकेना.
पान्याला पाईप घालून त्यावर उभा राहिलो,
सत्त्याऐंशी किलो,
तेव्हा कुठे कुरकुरला.

ड्रम गोल गोल ठोकत निघाला.
आत लायनर झिजून रिबिटांना टेकलेले,
सिलिंडरचं रबर फाटलेलं,
ऑइल पाझरून पाझरून
त्यावर काळं पीठ बसलेलं.
थांबण्याचं पीठ.
वीस वर्षं, खुर्च्या, पातेली, बांबू भरून
पारसिकच्या उतारावर
जितक्या वेळा थांबलो, तितकं.

स्प्रिंग अडकवताना अंगठ्याचं साल गेलं.
इथवर एकट्याचं काम.

पुढे दुसरा माणूस लागतो.
एक खाली, एक वर.
कुणाल बसतो एरवी, तो परीक्षेला नेरूळला.
बायकोचा गुडघा वाकत नाही.
मी खालूनच ओरडलो,
"वर कोणी आहे का?"
म्हणजे गाडीत.
पण आमच्या घरात वर म्हणजे दुसरा मजला
आणि दुसऱ्या मजल्यावर हसुराम.

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाल्यापासून
आम्ही दोघे भाऊ
वकिलाच्या मराठीत बोलतो.
सदर मिळकतीतील अविभाजित हिस्सा, वगैरे.
पाण्याच्या मोटारीचे पैसे तो
जिन्यातल्या खिळ्याला लावून जातो,
पाकिटात, वर आकडा लिहून.

चपला दिसल्या.
गाडीखालून माणूस तेवढाच दिसतो.
डावीचा अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला,
बाबा शिवायचे तसा.
दार उघडलं. सीट किरकिरली.
आरशाला टांगलेली एकवीरा हलली असणार,
घुंगरू वाजलं.

नियम साधा आहे.
त्याने तीनदा दाबायचं आणि धरून ठेवायचं.
मी निपल ढिलं करणार, बाटलीत फुगे येणार.
मी आवळेपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही.
उचलला तर हवा परत आत,
सगळं पहिल्यापासून.
मला त्याचा पाय दिसत नाही.
त्याला माझा हात दिसत नाही.

"दाब."
दाबलं.
"धर."
धरलं.
आणि "सोड" म्हणायला गेलो
तर तोंडातून आलं, "सोर."

ह्याच एका अक्षरापायी
गुरुजींनी दोघांना बाकावर उभं केलं होतं.
घोडा काही आला नाही,
घोराच येत राहिला.

वर थोडा वेळ काहीच नाही.
मग,
"सोरला."

दाब. धर. सोर.
बाटलीत कोऱ्या चहासारखं ऑइल,
आधी फुगे खेकड्याच्या तोंडाला येतात तसे,
मग मोहरीएवढे,
मग एकही नाही.
तरी मी म्हणालो, अजून एकदा.
परत म्हणालो, अजून एकदा.
पॅडल केव्हाच कडक झालं होतं,
त्याच्या पायाला कळलं नसेल असं नाही.
दाबत राहिला.

उतरला. चाक चढवेपर्यंत उभा होता.
मग खोक्यात वाकून बघितलं,
"एकाच बाजूचं नवीन टाकलंस.
डावीकरं खेचल गारी."
आणि जिना चढून गेला.

मंगळवारी बेलापूरला कोर्टात तारीख आहे.
जाऊ, आपापल्या बसने.
उजवीकडचे दोन शू अजून खोक्यात आहेत.
रिक्षावाला हॉर्न मारतोय.
विटा मी उचललेल्या नाहीत.