भागिले दोन

सकाळी मी आधी खिडकीशी जायचे, चुलीशी नंतर.
रात्री बर्फ पडला असला की सगळं कळायचं:
मागच्या दारापासून भूर्जाच्या झाडापर्यंत
हेल्दुरच्या बुटांच्या खुणा,
जातानाची एक रांग, येतानाची एक.
भागिले दोन केलं की रात्रीचा हिशेब.
पाच वेळा. सहा वेळा.
नाताळच्या आदल्या रात्री आठ.

संडास झाडाच्याही पलीकडे, कुंपणाला लागून.
तिथवर त्याला धीर निघायचा नाही,
आणि झाडाशी पोचल्यावर
नुसता धीर धरून उभं राहायचं.
थेंब. मग थांब. मग थेंब.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात,
इथे तळं आतच राहून जायचं.

गावच्या गायकवृंदात तो चाळीस वर्षं खर्जात गायला.
या शरदात सोडलं.
‘आवाज बसला,’ सांगितलं सगळ्यांना.
आवाज ठणठणीत होता,
गोठ्यात गाईला ऐकवायचा तेव्हा मी ऐकलाय.
दोन तासांची तालीम पेलवत नव्हती,
इतकंच.

तार्तूच्या इस्पितळात डॉक्टर कांग्रो,
आमच्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल,
तारेची एक चिमुकली वस्तू टेबलावर ठेवते.
‘कापाकापी नाही. मिटलेली आत सरकवायची,
तिथे ती उमलते, वाट रुंद करते.
पाच दिवसांनी दोऱ्याने ओढून काढायची.’

हेल्दुर ती उलटसुलट करून बघतो.
पेइप्सी सरोवरासाठी जन्मभर
वाळुंजाच्या फोकांचे सापळे विणलेला माणूस.
‘वीण बरी आहे,’ म्हणतो,
‘पण माझ्या सापळ्यात शिरलेलं बाहेर येत नाही.’
‘इथे येऊ द्यायचंय,’ ती म्हणते. हसत नाही.
आणि मग तो शब्द उच्चारते, प्रोस्टेट,
इतक्या सहज, जणू गुडघा.
आम्ही घरात त्याला ‘थंडी’ म्हणत होतो.

पाच दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू.
बसता येईना. खोकला आला तरी शिवी.
सारखी लागल्यासारखं वाटायचं,
जळजळ, गुलाबी पाणी.
मी त्याला झाडाशी जाऊ दिलं नाही,
पलंगाजवळ बादली ठेवली
आणि पाठ फिरवून बटाटे सोलत बसले.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
एवढी लाज आम्ही कुठे जपून ठेवली होती
कोण जाणे.

सहाव्या दिवशी पुन्हा तार्तू. तार निघाली.
‘घरी नेऊ का?’ त्याने विचारलं.
देत नाहीत म्हणे.

चमत्कार वगैरे काही नाही.
पाच. चार. पुन्हा पाच.
मग बरेच दिवस तीन.
मग बर्फच पडला नाही, हिशेब राहून गेला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी
अंगणभर ताजा बर्फ,
दारापासून झाडापर्यंत कोरा.
पोटात धस्स झालं.
हातातलं लाकूड तसंच घेऊन धावले पलंगाकडे.
उताणा, तोंड उघडं,
घोरत होता. खर्जात.

परत खिडकीशी आले. उजाडत होतं.
आता दिसलं, अगदी कोरा नव्हता:
कुंपणाखालून कोल्ह्याची बारीक पावलं,
झाडाशी येऊन थबकलेली,
बुंध्याभोवती दोनदा फिरलेली,
रोजचा शेजारी आज आला कसा नाही म्हणून.
मग तो आपली खूण ठेवून गेला होता, पिवळी.

मी सवयीने मोजायला लागले, भागिले दोन.
मग लक्षात आलं, कोल्ह्याला पाय चार.
चूल अजून पेटवायची होती.