आकडा

पहिला कंद मेहुण्याने पाठवला होता, सोलनहून,
वर्तमानपत्रात गुंडाळून, आल्यासारखा वाकडातिकडा.
सोबत चिठ्ठी: आयरिस आहे. हिला थंडी लागते.
ऐरोलीत थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस
पंखा एकवर.
म्हणून सहा आठवडे तिला फ्रिजमध्ये ठेवली, कोथिंबिरीच्या खणात.
सुमेधा एकदा तिला चहात किसायला निघाली होती,
थोडक्यात वाचली.

वाचून काय. ऑगस्टात बोट लावलं तर आत गेलं.
वास, खाडीला ओहोटी लागल्यावर येतो तो.

मढवींच्या नर्सरीत सांगितलं तेव्हा हिराजी हसलाही नाही.
म्हणाला, बर्फातली पोर इथं नांदायची नाही, साहेब.
ही न्या. हीपण आयरिसच म्हणतात,
फक्त हिला चालायची सवय आहे.

खोल पुरायचं नाही, एवढं त्याने दोनदा बजावलं.
कंदाची पाठ उघडी हवी, म्हशीची पाण्यात असते तशी.
सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको. माती ओली, पण चिखल नाही.
आणि बारा पानं होईस्तोवर फुलाचं नाव काढू नका.

बारा.
मी सिडकोत भूमापक होतो, चौतीस वर्षं.
मिठागरांवर खुंट्या ठोकल्या,
जिथे भरती येऊन जायची तिथे चुन्याने रेघ मारली
आणि सांगितलं, हा तुमचा प्लॉट.
मोजायला सांगा, मी मोजतो.
सात. सातच. आठ.
एक गोगलगायीने खाल्लं: पुन्हा सात.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत, दूधवाल्याच्या आधी,
एका पानाच्याच कुशीतून फूल.
बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, बुडाशी तपकिरी पट्टे,
आतल्या तीन निळ्या, वळलेल्या,
शाईचं पेन झटकल्यासारख्या.
सुमेधा ब्रश तोंडात ठेवूनच बाहेर आली.
संध्याकाळी फूल ओल्या रुमालासारखं पिळून पडलं.
एवढ्यासाठी, ती म्हणाली.
एवढ्यासाठी, मी म्हणालो.

पण दांडा कापायचा नसतो. गंमत पुढे आहे.
फुलाच्या जागी पिल्लू धरतं, पानांचा छोटा पंखा,
त्याच्या वजनाने दांडा वाकत जातो,
महिनाभर, कुणाला न दिसता,
आणि जिथे टेकतो तिथे मूळ.
फक्त हलू नये म्हणून वरून काहीतरी दाबून धरावं लागतं.
म्हटलं, सुमेधा, तुझा एक आकडा दे केसांतला.
ती म्हणाली, जन्मभर आकडेच केलेत,
अजून पुरे नाही?
तरी दिले. पाच. एक गंजका.

सगळी पिल्लं मात्र माझ्या बाजूला टेकली नाहीत.

कुंपणापलीकडे कुरियाकोस बाई. ठाण्याला मेट्रन होत्या.
चार इंचांवरून नऊ वर्षं आमचं बोलणं नाही.
नकाशा माझ्या बाजूने आहे.
(चार नाही. पावणेतीन.)
जाळीच्या भोकातून एक दांडा तिकडे गेलेला
मला एप्रिलमध्ये दिसला.
ओढून घेता आला असता. हात घातलाही.
पिल्लाच्या गळ्याशी एक पिन रोवलेली होती,
पांढरी,
नर्सच्या टोपीला लावतात तसली.

हात काढून घेतला. जाळीने मनगट थोडं खरवडलं.

या झाडांचं एक आहे: फुलायचं ठरलं की
आसपासची सगळी एकाच दिवशी फुलतात,
कुणी कुणाला सांगतं ते कळत नाही.
पुढच्या वर्षी एका सोमवारी माझ्याकडे अकरा होती.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
मी जाळीकडे न बघता म्हणालो, अकरा.
बऱ्याच वेळाने, तिकडून, मल्याळी वळणाच्या मराठीत:
इथं तीन. पण मोठी आहेत.

त्या दुपारी जुनी स्टीलची टेप काढली,
जाळीतून पलीकडे सरकवली, पिनेपर्यंत.
तेरा इंच, आत.
वहीत लिहिलं नाही.
बटण सोडलं तशी टेप सरकन परत आली
आणि बोटाला लागली.